पिरमाँटमधलं घर घ्यावं का: प्रकल्प नोंदी

२६ जुलै २०२५, शनिवार

आजपासून ही वही. घर शोधायचं म्हटलं की पंचवीस टॅब उघडे राहतात, व्हॉट्सअॅपवर लिंका फिरतात आणि महिन्याभरानं आपण काय ठरवलं होतं तेच आठवत नाही. म्हणून ऑफिसात करतो तसं: तारीख, काय पाहिलं, काय कळलं, पुढे काय.

आत्ताची परिस्थिती अशी. सिडनीच्या पश्चिम उपनगरात, वेंटवर्थविलला भाड्यानं राहतो. माझं काम सिडनी शहरात, नवऱ्याचं वेस्टमीडला. लेक जानेवारीअखेर किंडीत, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्षात, जाईल. बाबा रत्नागिरीहून आले आहेत, दिवाळी करून परत जातील. हातात असलेली रक्कम साधारण तीन लाख डॉलर, त्यात स्टॅम्प ड्यूटी, वकील आणि तपासण्या आल्याच. आम्ही दोघं पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, आहोत, ही बाब महत्त्वाची. १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना इथं जुनं, म्हणजे आधी बांधलेलं घर घ्यायला बंदी आहे. आपण त्यात येत नाही.

हार्बरकाठचं पिरमाँटच का, तर मला कामावर चालत जाता येईल. पिरमाँट ब्रिज ओलांडला की शहर. हा पूल १९०२ चा, विजेवर फिरणारा, जहाजाला वाट द्यायला मधला भाग आडवा वळतो. १९८१ मध्ये त्यावरून गाड्या बंद झाल्या, आता तो पायी जाणाऱ्यांचा. सध्या माझे रोजचे दोन तास ट्रेन आणि प्लॅटफॉर्मवर जातात.

प्रश्न एवढाच लिहून ठेवते: हार्बरच्या काठावर राहण्यासाठी जे जादा पैसे पडतात, ते नक्की कशाचे असतात?


९ ऑगस्ट, शनिवार

पहिला फ्लॅट. जॅकसन्स लँडिंगच्या बाजूला, पाण्यासमोर, दोन बेडरूम, एक पार्किंग. प्राइस गाइड चौदा लाख. पुढे याला ‘पाण्याचा फ्लॅट’ म्हणेन.

एजंटनं आधी दिवाणखान्याचं सरकतं दार उघडलं आणि मग बाजूला उभा राहिला. बोलायची गरजच नव्हती. डावीकडे अँझॅक ब्रिजच्या केबल्स पंख्यासारख्या पसरलेल्या, समोर जॉन्स्टन्स बेचं पाणी, पलीकडे ग्लीब आयलंडचे उंच सायलो. नवरा दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मीही नाही. हे मान्य करून पुढे लिहिते, कारण नंतरच्या आकडेमोडीत ही दोन मिनिटं कुठंच बसणार नाहीत, आणि ती खोटी नव्हती.

मग मी दार बंद करायला सांगितलं, आणि पुन्हा उघडायला. बंद असताना शांत. उघडल्यावर पुलावरच्या ट्रॅफिकचा सलग घरघराट. शनिवारी दुपारी एवढा, तर मंगळवारी सकाळी केवढा?

बाल्कनीच्या कठड्याचे खांब जिथं जमिनीत रोवले आहेत तिथं गंजाचे तपकिरी ओघळ. एक टाइल पायाखाली पोकळ वाजते. बाबा खाली वाकून बोटानं ती टाइल वाजवत राहिले. पीडब्ल्यूडीत आयुष्य गेलं, तेही कोकणात, खाऱ्या वाऱ्यात. एजंटला ते काय करतायत ते समजलं नाही, मला समजलं.

लेव्ही तिमाहीला २,९०० डॉलर. लिफ्ट, स्विमिंग पूल, जिम, चोवीस तासांचा कन्सिएर्ज, सगळं त्यात. म्हणजे वर्षाला ११,६०० फक्त मेंटेनन्स.


१२ ऑगस्ट, मंगळवार

रिझर्व्ह बँकेनं आज दर पाव टक्का उतरवून ३.६० वर आणला. फेब्रुवारीपासूनची तिसरी कपात. ऑफिसात सगळे खूश, पण कपात झाली की गिऱ्हाइकंही वाढतात.

गृहकर्ज ५.५ टक्क्यांनी धरून पाण्याच्या फ्लॅटचा हिशेब मांडला. वीस टक्के भरले तर दोन लाख ऐंशी हजार. स्टॅम्प ड्यूटी साठ हजारांच्या जवळपास. न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या घराला आठ लाखांपर्यंत ड्यूटी पूर्ण माफ आणि दहा लाखांपर्यंत थोडी सवलत. त्यावर काहीही नाही. म्हणजे इथंच आमचे तीन लाख ओलांडले. उरलेलं कर्ज अकरा लाख वीस हजार, हप्ता महिन्याला साधारण ६,३६०. बँक मात्र आपल्याला आजच्या दरानं तपासत नाही, अप्रा या बँकांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे त्यावर तीन टक्के चढवून तपासते. साडेआठ टक्क्यांनी हाच हप्ता ८,६०० च्या वर जातो. तेवढा झेपेल हे आपण दाखवायचं असतं, आणि खरं तर स्वतःलाही पटवून द्यायचं असतं.

आता भाड्याशी तुलना. असाच फ्लॅट भाड्यानं आठवड्याला ११०० च्या आसपास दिसतोय, वर्षाला ५७,२००. विकत घेतला तर फक्त व्याज ६१,६००, लेव्ही ११,६००, कौन्सिल आणि पाणीपट्टी अंदाजे अडीच हजार. एकूण पंचाहत्तर हजार सातशे. मुद्दल यात धरलेलं नाही, ती आपलीच बचत. तर मालकीसाठी वर्षाला साडेअठरा हजार जादा. फ्लॅटची किंमत तेवढी वाढली तर बरोबरी, नाही तर तोटा.

नवरा म्हणाला, “अगं, पण घर म्हणजे फक्त एक्सेल शीट नाही ना.” नाहीच. पण शीट लाल असेल तर ते कशामुळे लाल आहे हे तरी माहीत हवं.


१६ ऑगस्ट, शनिवार

आज एकही घर पाहिलं नाही. लेकीला आणि बाबांना घेऊन सगळा किनारा पायी फिरलो.

ही जागा मूळ गाडिगल लोकांची, त्यांचं नाव पिरामा. मग दगडाच्या खाणी आल्या. सिडनी विद्यापीठाची जुनी इमारत, जनरल पोस्ट ऑफिस, टाउन हॉल, सगळ्यांचा पिवळा सँडस्टोन इथला. खाणकामगारांनी तीन खाणींना नावं दिली होती पॅराडाइज, पर्गेटरी आणि हेल होल, दगड फोडायला किती सोपा किंवा अवघड त्यावरून. आज त्या कापलेल्या कड्यांना टेकून फ्लॅट उभे आहेत. जॉन स्ट्रीट स्क्वेअरचा लाइट रेलचा थांबा अशाच खोल चरात आहे. लिफ्टनं वर आलं की एकदम चौक. बाबांनी चराच्या भिंतीवर हात फिरवला, छिन्नीच्या रेघा चाचपल्या आणि म्हणाले, “आपला जांभा असता तर एवढी धार राहिली नसती.”

खाणींनंतर साखर. सीएसआर कंपनीची रिफायनरी इथं शंभर वर्षांहून जास्त चालली. ती गेली, कारखाने आणि गोद्या गेल्या, १९९० च्या आसपास सगळ्या पिरमाँटमध्ये जेमतेम हजारभर माणसं उरली होती. नंतर रिफायनरीच्या जागेवर जॅकसन्स लँडिंग उभं राहिलं. म्हणजे इथल्या बहुतेक इमारती वीस ते तीस वर्षांच्या. इमारतीच्या आयुष्यात पहिली मोठी दुरुस्ती येते ती नेमकी याच वयात. हे अधोरेखित.

पिरामा पार्कमध्ये लेक तासभर खेळली. ही जागा आधी वॉटर पोलिसांची होती. इथंही इमारती येणार होत्या, रहिवाशांनी भांडून ती बागेसाठी मिळवली. आज तिथं गवतावर आजी-आजोबा, पोरं, कुत्री, डबे घेऊन आलेले ऑफिसवाले, कुणालाही मज्जाव नाही. पाणी तेच, पूल तोच, गेल्या शनिवारी ज्या दृश्यापुढे आम्ही गप्प झालो तेच दृश्य. आणि पायवाट सलग, काठाकाठानं.

धक्क्यावर एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. बाबांचे डोळे चमकले, पण मी त्यांना फलक दाखवला: हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेले मासे खाऊ नका. होमबुश बेच्या जुन्या रासायनिक कारखान्यांमुळे गाळात डायॉक्सिन आहे, २००६ पासून सगळ्या हार्बरमध्ये व्यावसायिक मासेमारी बंद. रत्नागिरीच्या माणसाला पाणी दाखवायचं आणि त्यातला मासा खाऊ नको म्हणायचं, फार वाईट वाटलं.

रात्री पहिल्या दिवशीच्या प्रश्नाखाली लिहिलं: काठ सार्वजनिक आहे. तो विकत घेता येत नाही आणि घ्यावाही लागत नाही. विकत मिळते ती इमारत, आणि खिडकी.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

पाण्याच्या फ्लॅटचा स्ट्रॅटा रिपोर्ट, म्हणजे इमारतीच्या कागदपत्रांचा आणि निधीचा अहवाल, आला. साडेतीनशे डॉलर लागले, आणि आजवर याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा झालेला नाही. म्हणून सविस्तर लिहिते. पुढे कुणी मैत्रीण विचारेल तेव्हा हेच पान पाठवायचं.

आपल्याकडे जशी सोसायटी, तशी इथं ओनर्स कॉर्पोरेशन. दोन निधी असतात. रोजच्या खर्चाचा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह फंड, आणि मोठ्या कामांचा कॅपिटल वर्क्स फंड, म्हणजे आपला सिंकिंग फंड. २०१५ च्या कायद्यानुसार पुढच्या दहा वर्षांच्या कामांचा आराखडा करावाच लागतो. बहुतेक लोक लेव्हीचा आकडा बघतात आणि पान उलटतात. बघायचं ते हे: आराखडा काय म्हणतो, आणि निधीत आहे किती.

इथं आराखडा म्हणतो, दोन वर्षांत बाल्कन्यांचं वॉटरप्रूफिंग आणि दर्शनी भागाची दुरुस्ती. निधीत त्या खर्चाच्या निम्मेही नाहीत. गेल्या तीन सभांची इतिवृत्तं वाचली. पहिलीत सल्लागाराचा अहवाल “स्वीकारला”. दुसरीत स्पेशल लेव्हीचा, म्हणजे या कामासाठी जादा वर्गणीचा, ठराव मांडला आणि पुढे ढकलला. तिसरीत पुन्हा ढकलला, शिवाय विमा कंपनीनं पाण्याच्या नुकसानीचा एक्सेस, म्हणजे दाव्यातली आपण भरायची रक्कम, वाढवल्याची एक ओळ. कुणी लबाड नाही यात. वयस्कर मालकांना खर्च नको, गुंतवणूकदारांना भाड्यातून पैसा कमी व्हायला नको, म्हणून दरवर्षी पुढच्या वर्षावर. पण जो शेवटी विकत घेईल त्याच्या गळ्यात ते पडणार. आमच्या वाट्याला अंदाजे पंचवीस ते तीस हजार आले असते.

हा वाटा ठरतो युनिट एन्टायटलमेंटवर. ते सहसा फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात असतं. पाण्यासमोरचा फ्लॅट महाग, म्हणून त्याचं एन्टायटलमेंट जास्त, म्हणून लेव्ही जास्त, म्हणून दुरुस्तीतला वाटाही जास्त. लिफ्ट मागच्या बाजूचा माणूसही तेवढीच वापरतो. म्हणजे खिडकीतल्या दृश्याचे पैसे घेताना एकदा मोजले की संपत नाहीत, ते दर तिमाहीला मोजायचे असतात. एजंटच्या माहितीपत्रकात हे नसतं.

बाबांना कठड्याचे फोटो पुन्हा दाखवले. त्यांचं म्हणणं: खारा वारा काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत जातो, सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. इथं त्याला काँक्रीट कॅन्सर म्हणतात. “गंज बाहेर दिसला म्हणजे तो आत कधीचाच सुरू झालाय. पण घाबरायचं काम नाही. वेळेत उघडून साफ केलं तर इमारत पन्नास वर्षं आणखी जाते. प्रश्न इमारतीचा नसतोच, माणसांचा असतो.”


३१ ऑगस्ट, रविवार

मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. प्रसादाच्या रांगेत विषय निघालाच. बहुतेकांचं मत एक: फ्लॅट नको, जमीन घ्या. तेवढ्याच पैशात मार्सडन पार्क किंवा बॉक्स हिलला चार बेडरूमचं नवं घर, मागे अंगण. एक काका तर कळकळीनं म्हणाले, “बाई गं, जमीन वाढते, इमारत झिजते. फ्लॅटमध्ये जमीन किती येते तुझ्या वाट्याला?”

त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि मी ते उडवून लावणार नाही. सिडनीत घरांच्या किमती फ्लॅटपेक्षा जास्त वेगानं वाढत आल्या आहेत, ते जमिनीमुळेच. निव्वळ गुंतवणूक म्हणून पाहिलं तर काका जिंकतात. पण तिथून माझा जाण्यायेण्याचा वेळ आणखी वाढतो, दोन गाड्या लागतात, आणि लेकीची संध्याकाळ आफ्टर-स्कूल केअरमध्ये जाते. आम्हाला वर्षाला किती टक्के वाढ मिळाली हे कळेल दहा-पंधरा वर्षांनी. लेक पाच वर्षांची आत्ता आहे. नवऱ्याशी गाडीत बोलले. त्याचं मत: वाढ कमी मिळाली तरी चालेल, पण मुद्दल बुडता कामा नये. म्हणून इमारत निवडण्यातच सगळं डोकं लावायचं. इथं आमचं दोघांचं पूर्ण एकमत.


६ सप्टेंबर, शनिवार

रात्री साडेदहाला पाण्याच्या फ्लॅटखाली जाऊन उभे राहिलो. समोरचं ग्लीब आयलंड हे चालू बंदर आहे. सिमेंट, जिप्सम, साखर, मीठ असा सुटा माल तिथं उतरतो, आणि जहाज आलं की काम रात्रीही चालतं. त्यापलीकडे व्हाइट बेचं क्रूझ टर्मिनल, २०१३ चं. क्रूझ धक्क्याला लागलेली असताना वीज स्वतःच्या इंजिनावर करते, तो आवाज आणि धूर दोन्ही पाण्यावरून येतात. मला स्वतःला चालू बंदर आवडतं. सगळंच कॅफे आणि जेटी झालं तर हे हार्बर राहणार नाही. पण ते झोपण्याच्या खोलीसमोर हवं का, हा वेगळा प्रश्न.


११ सप्टेंबर, गुरुवार

पुढच्या दहा वर्षांत या टोकावर काय येणार त्याची यादी करत बसले.

फिश मार्केट ब्लॅकवॉटल बेच्या टोकाला नव्या इमारतीत जाणार, आणि बँक स्ट्रीटवरच्या जुन्या जागी उंच निवासी टॉवर. म्हणजे त्या बाजूच्या खिडक्यांतून आज दिसतं ते उद्या दिसेलच असं नाही. कन्व्हेयन्सरना, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या बाईंना, विचारलं, दृश्यावर काही हक्क असतो का? नसतो. २००४ च्या ‘टेनॅसिटी’ खटल्यात न्यायालयानं दृश्य वाटून घेण्याबाबत चार पायऱ्यांची कसोटी घालून दिली: कोणतं दृश्य, घराच्या कुठल्या भागातून, नुकसान किती, आणि नवं बांधकाम कितपत वाजवी. नियोजन करणाऱ्यांनी ती बघायची असते, पण ती हमी नव्हे. आणि वरच्या मजल्यावरच्या दृश्यासाठी तर आपण लाखभर तरी जादा देतो.

दुसरी गोष्ट मेट्रो वेस्ट. पिरमाँटचं स्टेशन खोदलं जातंय, युनियन स्ट्रीट आणि पिरमाँट ब्रिज रोडजवळ दोन बाजूंना. सुरू व्हायचं लक्ष्य २०३२. ही लाइन हंटर स्ट्रीटपासून पॅरामॅटा आणि वेस्टमीडपर्यंत. नवऱ्याचं रुग्णालय, मंडळ, देऊळ, आमचे बहुतेक मित्र, सगळे त्याच लाइनीवर. हे कळल्यावर तो उठून नकाशा घेऊन बसला. तोवर सात वर्षं त्याला लाइट रेलनं सेंट्रल आणि तिथून ट्रेन. आज मी करते तो प्रवास उलट्या दिशेनं तो करणार, तोही गर्दीच्या विरुद्ध. त्यानं ते आपण होऊन मान्य केलं. ही छोटी गोष्ट नाही, म्हणून नोंदवते.

शाळा अल्टिमो पब्लिक, चालत. यावर आणखी काही लिहायला नको, आम्हाला चालेल.


१३ सप्टेंबर, शनिवार

पाण्याचा फ्लॅट सोडला. ऑक्शनला गेलोच नाही. इथं ऑक्शनमध्ये हातोडा पडला की कूलिंग-ऑफ, म्हणजे मागे फिरायची मुदत, नाही, कर्ज मंजूर होवो न होवो, दहा टक्के तिथंच. ढकललेल्या स्पेशल लेव्हीसकट तो धोका आम्ही घेणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. फ्लॅट वाईट नव्हता. ज्यांच्याकडे वेळेला तीस-चाळीस हजार बाजूला आहेत आणि ज्यांना ती खिडकी रोज हवी आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. आमच्याकडे ते पैसे नाहीत.


२७ सप्टेंबर, शनिवार

दुसरा फ्लॅट. टेकाडावर, हॅरिस स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, नव्वदीच्या दशकातली पाच मजली विटांची इमारत. दोन बेडरूम, पार्किंग आहे, स्विमिंग पूल नाही, जिम नाही, एकच लिफ्ट. खिडकीतून समोरच्या घरांची छपरं आणि एक जॅकरँडा. किंमत मागताहेत अकरा लाख सत्तर हजार, ऑक्शन नाही. लेव्ही तिमाहीला दीड हजार. पिरामा पार्क सात-आठ मिनिटांवर, माझं ऑफिस पूल ओलांडून वीस मिनिटांवर.

नवरा स्वयंपाकघर बघत होता, बाबा मला म्हणाले, “चल खाली.” गच्ची कुठं गळते ते बघायला गच्चीवर जायचं नसतं, खालच्या मजल्यावर जायचं असतं, हा त्यांचा जुना नियम. तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून स्लॅबच्या जोडांवरून सावकाश फिरवला. एका कोपऱ्यात पांढरे क्षाराचे ओघळ, टोकाला बोटभर लोंबणारे. मी निराश झाले. त्यांनी एक लोंब तोडून चिमटीत चुरडला: कोरडा, खडूसारखा. बाजूचा काँक्रीटचा पट्टा वेगळ्या रंगाचा, नव्यानं भरलेला, त्यावर तडा नाही. खाली जमिनीवर ओलीचा डागही नाही. “पाणी येत होतं. आता येत नाही. कुणीतरी काम नीट केलंय. कागद माग.”

मग इमारतीला बाहेरून चक्कर. गच्चीवरून येणारे पाइप, कचऱ्याची खोली, पत्रपेट्या. कचऱ्याची खोली स्वच्छ होती. बाबांच्या मते यावरून सोसायटीतली माणसं कळतात.


१ ऑक्टोबर, बुधवार

आजपासून केंद्र सरकारची पाच टक्के डिपॉझिटची योजना सगळ्या पहिल्या घराच्या खरेदीदारांना खुली. उत्पन्नाची मर्यादा काढली, सिडनीत घराच्या किमतीची मर्यादा पंधरा लाख. कमी डिपॉझिट असलं की बँकेसाठी आपण भरायचा विमा, लेंडर्स मॉर्गेज इन्शुरन्स, तोही नाही. मोह झाला. पण पाच टक्के भरले तर कर्ज वाढतं, कर्ज वाढलं तर हप्ता वाढतो. आमच्याकडे वीस टक्के आहेत तर ते भरायचे. ज्यांच्याकडे नाहीत आणि पगार चांगला आहे त्यांना ही योजना वरदान ठरेल. मात्र यामुळे बाजारात एकदम लोक येतील, म्हणून घाई नाही पण दिरंगाईही नको.


८ ऑक्टोबर, बुधवार

टेकाडावरच्या इमारतीचा स्ट्रॅटा रिपोर्ट. वाचून संपेपर्यंत चहा गार झाला.

२०१९ मध्ये स्पेशल लेव्ही लावून तळघर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. कंत्राट, इंजिनियरचं प्रमाणपत्र, सगळं जोडलेलं. सिडनीत त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये ऑलिंपिक पार्कच्या ओपल टॉवरला तडे गेले होते, जून २०१९ मध्ये मॅस्कॉट टॉवर्स रिकामा करावा लागला. सभेच्या इतिवृत्तात या दोन्हीचा उल्लेख आहे. घाबरून का होईना, पण या मंडळींनी वेळेत हात घातला. विटांची इमारत, बाहेरून ज्वलनशील क्लॅडिंगचं आवरण नाही. पुढचं मोठं काम लिफ्टचं, चार वर्षांनी, आणि निधी त्या दिशेनं भरतोय. दहा वर्षांच्या आराखड्याच्या मागे थोडासा आहे, म्हणजे लेव्ही वाढेल. दीड हजार कायम राहणार नाही. मी हिशेबात अठराशे धरले.

त्रासदायक गोष्टी दोन. गरम पाणी एम्बेडेड नेटवर्कवर, म्हणजे अख्ख्या इमारतीला एकच ठरलेला पुरवठादार, तो बदलता येत नाही. आणि दोन फ्लॅट सुट्टीवरच्या प्रवाशांना दिले जातात. पंच्याहत्तर टक्के मतांनी सोसायटी, मालक स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटमध्ये ते बंद करू शकते. गेल्या सभेत ठराव थोडक्यात पडला. आमचं मत तिथं उपयोगी पडेल.

हिशेब: साडेअकरा लाखाला मिळाला तर डिपॉझिट दोन लाख तीस हजार, ड्यूटी सेहेचाळीस हजारांच्या थोडी वर, कर्ज नऊ लाख वीस हजार, हप्ता ५,२०० च्या थोडा वर. ड्यूटी, वकील, तपासण्या धरूनही तीन लाखांच्या आत. शीट हिरवी नाही, पण लालही नाही.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

साडेअकरा लाखाला सौदा ठरला. आज एक्सचेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल. एजंट ६६डब्ल्यू सर्टिफिकेट द्या म्हणत होता, म्हणजे कूलिंग-ऑफ सोडून द्यायचा. कन्व्हेयन्सरबाईंनी ठाम नाही सांगितलं आणि आम्हीही. पाच कामाचे दिवस आपल्या हक्काचे. त्या मुदतीत मागे फिरलो तर किमतीच्या पाव टक्का, म्हणजे २,८७५ डॉलर जातील. तेवढी किंमत मला मान्य होती.


२१ ऑक्टोबर, मंगळवार

काल ऐन दिवाळीत बँकेचा व्हॅल्युअर फ्लॅट बघून गेला. मूल्यांकन सौद्याइतकंच आलं. आजच्या तपासणीत न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात ओल निघाली, टाइल्सच्या फटीतलं सिलिकॉन गेलंय, हजार-बाराशेचं काम. बाकी ठीक. बाबांनी अहवालातले फोटो मोठे करून करून पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. “घ्या,” एवढंच म्हणाले.


२३ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी पाच वाजता कूलिंग-ऑफ संपला. मागे फिरलो नाही. सेटलमेंट २७ नोव्हेंबरला.

उरलेली कामं: उरलेलं डिपॉझिट उद्या सकाळी. घरातल्या सामानाचा विमा वेगळा काढायचा, इमारतीचा सोसायटीकडे आहे. वेंटवर्थविलच्या एजंटला नोटीस. अल्टिमो पब्लिकच्या कार्यालयात पत्त्याचा पुरावा म्हणून कॉन्ट्रॅक्ट चालतं का ते विचारायचं. पुढच्या सर्वसाधारण सभेची तारीख मागवून घ्यायची आणि त्या दिवशी दोघांनीही रजा टाकायची. प्रवाशांच्या फ्लॅटचा ठराव पुन्हा मांडायचा आहे, आणि लिफ्टच्या निधीसाठी लेव्ही आत्ताच थोडी वाढवा असं मी स्वतः सुचवणार आहे.